'आता कशाला?' : एका टिपणाला उत्तर

मागील अंकातील 'शोभेल तेवढेच' हे टिपण आम्ही तीनदा वाचले. पहिल्या वाचनात राग आला. दुसरे वाचन तो राग कितपत रास्त आहे हे पाहण्यासाठी केले आणि तिसरे हातात पेन्सिल घेऊन. चौतीस वर्षे शासकीय सेवेत काढलेल्या माणसाची ही खोड जात नाही. समोर कागद आला की समासात शेरा मारल्याशिवाय हात खाली येत नाही. टिपणकर्ते आपल्या मंडळाचे ज्येष्ठ सभासद आहेत, आमचे स्नेही आहेत, आणि गेली कित्येक वर्षे २ ऑगस्टला ध्वजवंदनानंतरचा चहा आम्ही एकत्रच घेत आलो आहोत. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते त्यांच्या मतावर आहे, त्यांच्यावर नाही, हे त्यांनी समजून घ्यावे.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. खेळाडूने योग्य वेळी मैदान सोडावे आणि एकदा सोडलेल्या मैदानाकडे वळून पाहू नये. उत्तर वयात पुन्हा स्पर्धेत उतरणे हे स्वतःचे हसे करून घेणे होय. शिवाय त्याने तरुणांची जागा अडते. संसारी माणसाने, त्यातही गृहिणीने, असल्या नादाला लागू नये. याला आधार म्हणून त्यांनी विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितले जाणारे वचन दिले आहे : लोक 'का निवृत्त झालात?' असे विचारतील तेव्हाच निवृत्त व्हावे, 'का होत नाही?' असे विचारीपर्यंत थांबू नये. आणि उदाहरण म्हणून बर्फावरील फिगर स्केटिंगचा खेळ घेतला आहे. या खेळात म्हणे विशी उलटली की खेळाडू संपतो, गेलेला कोणी परत येत नाही, आणि म्हणूनच तो खेळ इतका सुंदर राहिला आहे.

आमचा हितसंबंध आधीच नोंदवून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी तो शोधून काढल्याचा आनंद मिळवू नये. टिपणात नाव कोणाचेच नाही, पण सिल्वासा गाव ते केवढे! गणेशोत्सवाच्या मांडवात ज्या सूनबाईंची चर्चा झाली त्या आमच्याच. वय ४१, दोन मुले. महाविद्यालयात असताना विद्यापीठाच्या संघातून पोहत असत; लग्नानंतर अठरा वर्षे पाण्यात पाय घातला नाही. गेल्या वर्षापासून पहाटे उठून तरणतलावावर जातात आणि आता प्रौढांच्या स्पर्धेत ४० ते ४४ या वयोगटात नाव द्यावयाचे म्हणतात. ही गोष्ट त्यांनी प्रथम घरात सांगितली तेव्हा 'आता कशाला?' हा प्रश्न विचारणारा पहिला मनुष्य टिपणकर्ते नव्हते. ते आम्ही होतो.

प्रथम बर्फाचा मुद्दा घेऊ, कारण टिपणकर्त्यांनी नेमका हाच खेळ निवडावा याला आम्ही आमचे भाग्य समजतो. डिअॅना स्टेलाटो-ड्यूडेक या अमेरिकेत जन्मलेल्या खेळाडूने २००० साली कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत एकेरीत रौप्यपदक मिळवले. पुढच्याच वर्षी, कंबरेच्या सांध्याच्या दुखापतींनी हैराण होऊन, वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी तिने खेळ सोडला. त्यानंतर सुमारे सोळा वर्षे ती चारचौघींसारखी नोकरी करीत होती. २०१६ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, ती परत आली, आणि तीही एकेरीत नव्हे तर जोडीच्या प्रकारात, जो तिने पूर्वी कधी खेळलेला नव्हता. ज्यांनी हा प्रकार दूरचित्रवाणीवर पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे की यात पुरुष जोडीदार स्त्रीला डोक्यावर एका हाताने उचलतो, हवेत भिरकावतो, आणि तिने बुटाखालच्या बोटभरही रुंद नसलेल्या पात्यावर, एका पायावर, बर्फात उतरावयाचे असते. पडले तर कठीण बर्फावर, आणि वेग सायकलस्वाराचा. मार्च २०२४ मध्ये मॉन्ट्रियल येथे मॅक्सिम देशां या जोडीदारासह कॅनडाकडून ती जागतिक विजेती झाली, तेव्हा तिचे वय ४० होते. फिगर स्केटिंगमध्ये इतक्या वयाच्या स्त्रीने जागतिक अजिंक्यपद मिळवल्याचे त्याआधी घडले नव्हते.

दुसरे उदाहरण उलट टोकाचे आहे. अॅलिसा ल्यू या मुलीने २०२२ मध्ये ऑलिंपिक खेळून सोळाव्या वर्षीच निवृत्ती जाहीर केली. लहानपणापासून दुसऱ्यांनी आखलेल्या वेळापत्रकाला ती कंटाळली होती. दोन वर्षे ती महाविद्यालयात गेली, डोंगर चढली, मैत्रिणींबरोबर हिंडली, आणि मग आपल्या मर्जीने परत आली. मार्च २०२५ मध्ये बोस्टनला ती जागतिक विजेती ठरली. म्हणजे या खेळात एक सोळा वर्षांनी परतली, एक दोन वर्षांनी, दोघीही जिंकल्या. आणि ज्यांना जिंकावयाचे नाही, केवळ पुन्हा उतरावयाचे आहे, त्यांच्यासाठी जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ या डोंगराळ गावी २००५ पासून प्रौढांची आंतरराष्ट्रीय स्केटिंग स्पर्धा भरत आली आहे. तिथे साठी ओलांडलेले आजोबा-आजीही बर्फावर उतरतात. तेव्हा 'गेलेला परत येत नाही' हे वाक्य टिपणकर्त्यांनी मागे घ्यावे, एवढीच आमची विनंती.

मर्चंट यांच्या वचनाचेही तेच. वचन सुबक आहे आणि म्हणूनच धोकादायक आहे, कारण सुबक वचनामागचा मनुष्य कसा वागला हे कोणी तपासत नाही. मर्चंट १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर प्रकृतीच्या कारणाने पाच वर्षे कसोटीपासून दूर होते. ऑस्ट्रेलियाचा दौरा गेला, वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका गेली. १९५१ मध्ये, वयाची चाळिशी नुकती पूर्ण झाली असता, ते दिल्लीला इंग्लंडविरुद्ध खेळावयास आले आणि १५४ धावा काढून गेले. ती त्यांची शेवटची कसोटी आणि सर्वोच्च धावसंख्याही तीच. वचन सांगणाऱ्यांनी हा भाग का गाळला? पाच वर्षांनी परत येण्याआधीच एखाद्याने त्यांना 'आता कशाला?' म्हणून घरी बसवले असते, तर त्यांना योग्य वेळी निवृत्त होण्याची संधीही मिळाली नसती.

परंतु परदेशची नि मुंबईची उदाहरणे देऊन आम्ही सुटू इच्छित नाही. ज्या एका उदाहरणाने आमची झोप उडवली ते आमच्याच खात्यातले आहे, म्हणजे महसूल खात्यातले, आणि ते कोल्हापूरचे आहे.

वीरधवल खाडे हे नाव आपल्यापैकी कित्येकांनी ऐकले असेल. १९९१ चा जन्म. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये हा मुलगा पोहला तेव्हा त्याला सतरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. २०१० मध्ये ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात कांस्यपदक मिळवले. १९८६ मध्ये सोलला खजानसिंगांनी मिळवलेल्या रौप्यपदकानंतर जलतरणातले हे भारताचे पहिले आशियाई पदक. मध्ये चोवीस वर्षे कोरडी गेली होती. पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. महाराष्ट्र शासनानेही गौरव केला आणि थेट तहसीलदार पदावर नियुक्ती दिली.

इथे आमच्यातला जुना अधिकारी थांबतो. तहसीलदार हे पद काय आहे हे आम्हांस ठाऊक आहे. सकाळी वसुलीची बैठक, दुपारी जमिनीच्या वादाची सुनावणी, संध्याकाळी कुठे वाळू उपसत असल्याचा फोन. पावसाळ्यात पंचनामे, निवडणुका आल्या की दोन महिने घर विसरावयाचे, मंत्र्यांचा दौरा आला की जेवण विसरावयाचे. ज्याला दिवसातून दोन वेळा, प्रत्येकी दोन-तीन तास, वर्षातले तीनशे दिवस पाण्यात घालवावयाचे असतात, त्याला बक्षीस म्हणून हे पद देणे म्हणजे गवयाच्या गळ्यात सोन्याचा पण घट्ट पट्टा बांधण्यासारखे आहे. शासनाचा हेतू चांगला होता. आम्ही स्वतः त्या काळी ही बातमी वाचून कार्यालयात पेढे मागवले होते. पण विशीतला तो मुलगा काही वर्षे स्पर्धेच्या पाण्यापासून जवळजवळ दूरच गेला. सरावासाठी सलग रजा मिळणे किती कठीण झाले हे त्याने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. मालवणचे तहसीलदार म्हणून त्याने काम केले. दारात अथांग समुद्र आणि पोहावयास वेळ नाही, ही शासकीय पदस्थापनेची थट्टा आम्हांस फार ओळखीची वाटते.

आणि मग तो परत आला. वयाची पंचविशी ओलांडल्यावर. आपणांस हे वय कोवळे वाटेल, पण ५० मीटरच्या शर्यतीत, चार-पाच वर्षांच्या खंडानंतर, ते कोवळे नसते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्याने २२.४३ सेकंदांची वेळ दिली. राष्ट्रीय विक्रम मोडला. मोडला तो कोणाचा? त्याचा स्वतःचाच, २००९ मधला, २२.५२ सेकंदांचा. म्हणजे नऊ वर्षे, एक सरकारी नोकरी आणि अनेक पंचनामे मध्ये गेल्यावरही, किशोरवयातल्या वीरधवलला सव्वीस वर्षांच्या वीरधवलने मागे टाकले. संध्याकाळी अंतिम फेरीत त्याची वेळ २२.४७ आली. कांस्यपदक जपानच्या खेळाडूला २२.४६ सेकंदांवर गेले. एक शतांश सेकंद! त्या वेगात एवढ्या वेळात शरीर सव्वादोन सेंटीमीटर पुढे सरकते. बोटाच्या पेराएवढे अंतर. सकाळची वेळ संध्याकाळी आली असती तरी पदक होते.

टिपणकर्त्यांच्या तर्काप्रमाणे याला 'हसे' म्हणावयाचे. चौथा क्रमांक, पदक नाही, शोभा नाही. आम्ही तो निकाल वाचला त्या दिवशी आमच्या मनात वेगळाच हिशेब सुरू झाला, आणि तो अजून पुरा झालेला नाही : त्या चार-पाच वर्षांत कार्यालयांच्या टेबलांवरून फिरलेल्या रजेच्या कागदांत असे किती शतांश सेकंद होते?

योगायोग असा की वीरधवल ज्या बीजिंगच्या तलावात सोळाव्या वर्षी उतरला, त्याच तलावात त्याच ऑलिंपिकमध्ये डारा टोरेस ही अमेरिकन स्त्री वयाच्या ४१ व्या वर्षी पोहली. ती त्याआधी एकदा नव्हे, अनेकदा निवृत्त होऊन परतली होती. बीजिंगला आली ती दोन वर्षांच्या मुलीची आई होऊन. तिने तीन रौप्यपदके नेली. ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण तिला हुकले तेही एका शतांश सेकंदाने, २४.०७ विरुद्ध २४.०६. आमच्या सूनबाईंच्या भिंतीवर तिचे छायाचित्र आहे असे कोणी समजू नये. हे आम्ही शोधून काढले, सूनबाईंना आम्हीच सांगितले, आणि त्या म्हणाल्या, 'बाबा, मला शंभर मीटर दम न लागता गेले तरी पुरे.'

वीरधवलची कथा २०२३ मध्ये गोव्याला झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुरी झाली. ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण त्याने घेतले. त्याच स्पर्धेत स्त्रियांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण त्याच्या पत्नी ऋजुता यांनी घेतले. त्यानंतर तो निवृत्त झाला. या वेळी आपल्या इच्छेने. पहिल्या वेळी त्याला निवृत्त केले होते परिस्थितीने, दुसऱ्या वेळी तो स्वतः झाला. या दोहोंतला फरक टिपणकर्त्यांच्या लेखात कुठेच नाही, आणि आमचा सारा वाद या एका फरकाशी आहे.

'नियत वयोमानानुसार सेवानिवृत्ती' हे शब्द आमच्याही आदेशात होते. अठ्ठावन्न पुरी झाली, महिन्याचा शेवटचा दिवस, शाल, श्रीफळ, भिंतीवरचे घड्याळ. सेवानियमांत या शब्दांना स्वच्छ अर्थ आहे : पद रिकामे होते, वेतन थांबते, निवृत्तिवेतन सुरू होते. पदाला निवृत्ती असते. आपण मात्र सेवानियमातला हा शब्द उचलून घरात आणला आणि सुनांना, लेकींना, शेजाऱ्यांना त्याचे आदेश काढू लागलो. वास्तविक आपल्या जुन्या भाषेत निवृत्ती ही प्रवृत्तीच्या विरुद्ध असलेली, माणसाने स्वतः मिळवावयाची अवस्था होती. ती दुसऱ्याने द्यावयाची नव्हती. कोणा ऋषीला आस्थापना शाखेचे पत्र आल्याचे आमच्या वाचनात नाही.

तरुणांच्या जागेचा मुद्दा मात्र खरा मुद्दा आहे, आणि त्याला बगल देणे आम्हांस शोभणार नाही. मैदाने थोडी, संघातील जागा मोजक्या. जुना खोड हलत नाही म्हणून रोप वाढत नाही, असे क्रिकेटमध्ये, राजकारणात आणि (लहान तोंडी मोठा घास) साहित्य मंडळांच्या कार्यकारिणीतही घडते. पण जे खुर्ची सोडतच नाहीत त्यांचा गुन्हा, जे सोडून गेले नि रांगेच्या शेवटी येऊन पुन्हा उभे राहिले त्यांच्यावर का लादावा? परतणाऱ्याला कोणी जागा राखून ठेवलेली नसते. वीरधवलला जकार्ताला नेले ते घड्याळाने; घड्याळ जन्मतारीख विचारत नाही. आणि प्रौढांच्या स्पर्धेत तर स्पर्धकांचे गटच वयाप्रमाणे असतात. पोहण्यात पंचविशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचा एक गट. चाळिशीतल्या बाईने चाळिशीतल्या बाईशी शर्यत लावली तर कोणत्या तरुणाची जागा अडली, हे आम्हांस टिपणकर्त्यांनी नकाशा काढून दाखवावे.

परतणारे सगळे जिंकतात असाही आमचा दावा नाही. जलतरणात एका ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदके मिळवणारा मार्क स्पिट्झ १९९२ च्या ऑलिंपिकसाठी ४१ व्या वर्षी पुन्हा पोहू लागला आणि पात्रतेची वेळही गाठू शकला नाही. ब्योर्न बोर्ग १९९१ मध्ये माँटे कार्लोला जुनी लाकडी रॅकेट घेऊन परतला आणि पहिल्याच सामन्यात हरला. कतारिना विट ही फिगर स्केटिंगची दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेली खेळाडू १९९४ मध्ये परत आली नि सातवी आली. यांपैकी कोणाचे काय गेले? विम्बल्डनची पाच अजिंक्यपदे बोर्गच्या कपाटातून कोणी काढून नेली नाहीत. हसे झाले असेल तर ते हसणाऱ्यांचे.

आपल्या मराठी घरांत याची परंपरा नाही असे म्हणणाऱ्यांनी प्रा. दि. ब. देवधरांची आठवण ठेवावी. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा हा मनुष्य. १९३२ मध्ये भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. कसोटी त्यांना कधीच मिळाली नाही. देशाच्या संघापुरते इतरांनी त्यांना निवृत्त ठरवून टाकलेच होते. त्यांनी ते मानले नाही. सत्तेचाळिशीनंतर त्यांनी महाराष्ट्राला १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक मिळवून दिला, ४८ व्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या, आणि १९४४ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके केली. पुढे १०१ वर्षे जगले. त्यांना कोणी मांडवात गाठून 'शोभेल तेवढेच करा' म्हटले होते की नाही, ठाऊक नाही. म्हटले असेल तर सर संस्कृतातून काहीतरी उत्तरले असतील.

आता ती गोष्ट, जी लिहावी की नाही यावर आम्ही आठ दिवस घालवले.

एका जिल्ह्याच्या कार्यालयात आस्थापना शाखा आमच्याकडे होती. आमच्या हाताखाली एक वरिष्ठ लिपिक होते, वय ४२. काम चोख, बोलणे थोडे. महाविद्यालयात लांब पल्ल्याचे धावक होते, हे आम्हांस त्यांच्या अर्जावरूनच कळले. नोकरी, लग्न, वडिलांचे आजारपण यांत धावणे सुटले होते; मग चाळिशीत पहाटे कालव्याच्या रस्त्याने पुन्हा सुरू केले. परराज्यात प्रौढांच्या मैदानी स्पर्धा होत्या. त्यासाठी सहा दिवसांची विशेष नैमित्तिक रजा त्यांनी मागितली होती, आणि खाली स्वच्छ अक्षरांत लिहिले होते की ती देय नसल्यास अर्जित रजा मंजूर व्हावी. ती त्यांच्या खाती भरपूर शिल्लक होती. आम्ही वरचा भाग वाचला. विशेष रजा नियमात बसत नव्हती, ते खरेच होते. खालचा भागही वाचला. मार्चअखेर जवळ आली होती. आम्ही लिहिले : 'विशेष नैमित्तिक रजा अनुज्ञेय नाही. मार्चअखेरची कामे विचारात घेता अन्य रजेची विनंतीही मान्य करता येत नाही. दप्तरी दाखल करावे.' खाली सही, तारीख.

ते आत आले, म्हणाले, 'ठीक आहे, साहेब.' आणि गेले. त्या मार्चमध्ये त्यांच्या टेबलावर असे कोणतेही काम नव्हते जे शेजारच्या टेबलाने सहा दिवस पाहिले नसते. हे आम्हांस तेव्हाही ठाऊक होते. मग नाही का म्हटले? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला, दोन मुलींचा बाप असलेला लिपिक अर्ध्या चड्डीत धावणार ही कल्पना आम्हांस किंचित हास्यास्पद वाटली. नियम मागाहून सापडला. पुढच्या वर्षी त्यांचा अर्ज आला नाही, त्याच्या पुढच्याही वर्षी नाही, आणि आम्हांस बरे वाटले. एका माणसाच्या सेवानिवृत्तीचा आदेश आम्ही त्याच्या ४२ व्या वर्षी काढला होता. त्यावर जावक क्रमांक नव्हता एवढेच.

सूनबाईंच्या बाबतीतही वेगळे काय झाले? लग्न होऊन त्या या घरी आल्या तेव्हा पोहू नका असे त्यांना कोणीही म्हटले नाही. आमच्या घरात तशी रीत नाही. आम्ही सुधारलेले लोक. पण 'जा' असेही कोणी म्हटले नाही. सकाळचा चहा, डबे, मुलांच्या शाळा, सासूबाईंचे गुडघे, या सगळ्यांतून दीड तास कोणी मोकळा करून त्यांच्या हाती दिला नाही. अर्ज आलाच नाही, मग नामंजूर करण्याचा प्रश्नच नव्हता! बहुतेक घरांत बहुतेक स्त्रियांची निवृत्ती अशी कागदाविना होते. म्हणून टिपणातील 'संसारी स्त्रीने योग्य वेळी थांबावे' या वाक्यावर आमची पेन्सिल सर्वांत जोराने उमटली आहे. थांबावे कोठून? त्या थांबलेल्याच होत्या.

या गावातल्या जुन्या मराठी घरांनी तरी हा प्रश्न विचारू नये असे आम्हांस वाटते. आपले वाडवडील इथे आले तेव्हा ते सगळे विशीतले नव्हते. १९५४ च्या मुक्तीनंतर, १९६१ च्या विलीनीकरणानंतर कोणी शाळेवर आले, कोणी कचेरीत, कोणी दुकान थाटावयास. आमचे वडील १९६२ मध्ये सातारा जिल्ह्यातली चांगली चाललेली मास्तरकी सोडून वयाच्या ३८ व्या वर्षी आले. वारली नि धोडिया मुलांना शिकवता यावे म्हणून इथली बोली त्यांनी चाळिशीत नव्याने शिकून घेतली, आणि मुलेच त्यांच्या उच्चारांना हसत असत. त्यांच्या भावांनी त्यांना जे पत्र पाठवले होते ते आमच्याकडे आहे. त्यातला मुख्य प्रश्न 'आता कशाला?' हाच आहे. तसाच प्रश्न सुधीर फडक्यांनाही पुष्कळांनी विचारला असेल. या भूमीच्या मुक्तिसंग्रामातला त्यांचा भाग इथल्या मराठी माणसास सांगावयास नको. पण त्याच फडक्यांनी उतारवयाची कित्येक वर्षे सावरकरांवरील चित्रपटासाठी वेचली आणि तो २००१ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, पडद्यावर आणला. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि मांडवात बसून एकेचाळीस वर्षांच्या बाईचे वय मोजतो.

टिपणकर्त्यांनी यास उत्तर जरूर लिहावे. संपादकांनी आमच्यापेक्षा अर्धे पान जास्त द्यावे. सूनबाईंचा प्रवेशअर्ज गेल्या सोमवारी रवाना झाला. त्यातील वयाच्या दाखल्याची प्रत आम्हीच साक्षांकित करून आणली. स्पर्धा चार दिवसांची आहे. या चार दिवसांत मुलांचे डबे कोणी करावयाचे हा प्रश्न घरात निघाला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले, आणि गेले दोन आठवडे आम्ही पोळ्या लाटावयास शिकत आहोत. अजून एकही गोल झालेली नाही. नातवंडे हसतात.

त्या वरिष्ठ लिपिकांचा पत्ता आम्ही जुन्या सहकाऱ्यांकडून मिळवला आहे. तेही आता निवृत्त आहेत. पत्र लिहून ठेवले आहे, ते या अंकाबरोबरच टपालात पडेल.